साडेतीन विपळांचा खेळ

एक पळ म्हणजे चोवीस सेकंद आणि पळाचा साठावा भाग म्हणजे विपळ, हा हिशेब पंचांग चाळता चाळता आमच्या पिढीस आपोआप पाठ झाला होता. तेहतीस फूट उंचीवरून सुटलेले माणसाचे शरीर पाण्यास टेकेपर्यंत सुमारे साडेतीन विपळे लागतात, हा दुसरा हिशेब मात्र गेल्या वैशाखात आमच्या घरातील एका नऊ वर्षांच्या मुलीने आम्हांस घालावयास लावला. ती आमच्या पुतण्याची कन्या. शाळेस सुटी लागल्यापासून ती रोज सकाळी पोहावयास जात असे. एके दिवशी ओल्या केसांनीच माजघरात येऊन तिने जाहीर केले, "मोठे आजोबा, मी आता नुसती पोहणार नाही, सूर मारणार! सरांनी आज मला फळीवर चढू दिले."

माजघरात क्षणभर कोणी बोलेना. तिच्या आजीने, म्हणजे आमच्या धाकट्या भावजयबाईंनी, हातातील तांदळाचे सूप खाली ठेविले. मुलीचा बाप दाराशी उभा होता. त्याने एकवार आमच्याकडे पाहिले आणि काही न बोलता तो आत निघून गेला. त्या पाहण्याचा अर्थ आम्हा दोघांखेरीज घरात फारच थोड्यांस कळला असेल. तो वाचकांस सांगणारच आहो. परंतु त्याआधी हा सूर म्हणजे काय प्रकार आहे, आणि आपल्या देशाने परदेशीयांच्या बरोबरीने उभे राहून त्यात आजवर काय केले, हे सांगितले पाहिजे. मागाहून आमच्या घरात जो विचार झाला तो या माहितीवाचून झालाच नसता.

सोलापुरास पाण्याचे गाव असे कोणी म्हणावयाचे नाही. गावाच्या मध्यभागी सिद्धेश्वराचे तळे आहे, त्याला लागून भुईकोट किल्ला आहे, पलीकडे कंबर तलाव आहे, हिप्परग्यास एकरुखचा मोठा तलाव आहे, हे सर्व खरे. तरी ज्या शहराने वर्षानुवर्षे चार-चार दिवसांआड नळाचे पाणी भरले, आणि ज्याच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जाऊन बसतो, त्या शहराचे नाव पाण्यातील खेळांत निघावे हे बाहेरच्या माणसास चमत्कारिक वाटते. आम्हांस वाटत नाही. जेथे पाणी थोडे तेथे त्याची ओढ मोठी. भोपळा किंवा रिकामा डबा पाठीस बांधून विहिरीत पोहावयास शिकलेली माणसे या जिल्ह्यात गावोगाव सापडतील. मोटा चालत होत्या त्या काळी धावेवरून पळत येऊन थारोळ्यावरून खाली झेप घ्यावयाची, हा पोरांचा नित्याचा उद्योग असे. त्यात उभी उडी ही नवशिक्याची, गुडघे पोटाशी घेऊन मारलेला मुटका हा मधल्यांचा, आणि डोके खाली करून मारलेला सूर हा पुढाऱ्यांचा, अशी प्रतवारी ठरलेली होती. विहिरीच्या काठावर बसलेल्यांच्या अंगावर जितके पाणी अधिक उडेल तितकी शाबासकी मोठी.

जगातील मोठ्या स्पर्धांत जो खेळ डायव्हिंग या नावाने चालतो त्यात नेमके याच्या उलट आहे. तेथे पाणी जितके कमी उडेल तितके गुण अधिक. उत्तम सूर मारणारा पाण्यात शिरला की मागे एक लहानसे वर्तुळ आणि थोडासा फेस एवढेच राहते, आणि कापड टर्रकन फाडावे तसा आवाज होतो. आम्हांस प्रथम वाटले होते की, याचे रहस्य बोटे टोकदार जुळविण्यात असेल. तसे नाही. एका हाताने दुसऱ्या हाताची बोटे धरून, तळवे पसरट करून, पाण्यावर अक्षरशः थाप मारावयाची असते. त्या थापेने पाण्यात जी पोकळी होते तिच्यातून मागचे सगळे शरीर, डोके, खांदे, कंबर, पावले, एका ओळीत आत जावयाचे. आणि आत जाताच दोन्ही हात बाजूंस फाकवून वर येऊ पाहणारे पाणी खालीच ओढून घ्यावयाचे. हे सर्व ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगात. दहा मीटरवरून येणाऱ्या शरीराचा पाण्यास टेकतेवेळी वेग तितका असतो.

या स्पर्धांत दोन प्रकारची साधने असतात. एक मीटर व तीन मीटर उंचीवर उसळती फळी असते, तीस स्प्रिंगबोर्ड म्हणतात. आणि त्याहून उंच, दहा मीटरवर, मुळीच न हलणारा भक्कम मंच असतो. खाली पाणी साडेसोळा फुटांच्या आसपास खोल लागते. पाण्यावर मुद्दाम फवारा किंवा बुडबुडे सोडलेले असतात, कारण अगदी निश्चल, स्वच्छ पाण्याचा पृष्ठभाग वरून दिसत नाही आणि गरगर फिरणाऱ्या माणसास आपण कोठे आहो याचा अंदाज राहत नाही. सुरांच्या जाती सहा. पुढे तोंड करून पुढे. पाठ करून मागे. पुढे तोंड करून उडावयाचे आणि उलट फळीकडे फिरावयाचे. पाठ करून उडावयाचे आणि आत फळीकडे वळावयाचे. अंगास पीळ देत. आणि मंचाच्या कडेवर हातांवर उभे राहून. आपण कोणता सूर मारणार हे आधी लिहून द्यावे लागते. प्रत्येक सुरास त्याच्या अवघडपणाचा एक आकडा ठरलेला असतो. सात पंच शून्यापासून दहापर्यंत गुण देतात. त्यांतील सर्वांत वरचे दोन व सर्वांत खालचे दोन काढून टाकावयाचे, उरलेल्या तिघांची बेरीज करावयाची आणि तीस त्या आकड्याने गुणावयाचे. तिघांनी सात, सात व साडेसात दिले आणि सुराचा आकडा तीन असला, तर साडेचौसष्ट. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पुरुषांस असे सहा सूर व स्त्रियांस पाच मारावे लागतात. म्हणजे वर्षानुवर्षांच्या मेहनतीचा निकाल लागावयास प्रत्यक्ष हवेत जाणारा काळ सगळा मिळून अर्ध्या पळाचासुद्धा नाही! परीक्षांची ज्यांना धास्ती वाटते अशा आमच्या विद्यार्थी वाचकांनी या परीक्षेचा एकदा विचार करून पाहावा.

आता आपल्या संघाची हकीकत. ती फार मोठी नाही, परंतु तिचा आरंभ वाचून कोणाही भारतीयाची छाती फुगेल. 1951 सालच्या मार्च महिन्यात दिल्लीस पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. अकरा देश आले होते. स्वातंत्र्य मिळून चार वर्षे पुरी झाली नव्हती. त्या स्पर्धांत भारताने पंधरा सुवर्णपदके मिळवून जपानच्या खालोखाल दुसरा क्रमांक पटकाविला. शंभर मीटर पोहण्याच्या शर्यतीत सचिन नाग पहिले आले, वॉटर पोलोत आपला संघ पहिला आला, आणि सूर मारण्याच्या दोन्ही प्रकारांत, फळीवरून आणि मंचावरून, के. पी. ठक्कर या एकाच गृहस्थांनी सुवर्णपदके घेतली. पंधरांपैकी चार पदके अशी पाण्यातून निघाली. लोकांच्या स्मरणात त्या स्पर्धांतील फुटबॉलचे सुवर्ण अधिक राहिले. ठक्करांचे नाव आज खेळाच्या शिक्षकांसही क्वचितच ठाऊक असते.

सत्य सांगावयाचे तर त्या यशास एक मर्यादाही होती. त्या स्पर्धांत चीन नव्हता. परंतु प्रतिस्पर्धी कोण नव्हता यावरून विजेत्यास उणे लेखणे आम्हांस पसंत नाही. फळी तीच, उंची तीच, पाणी तेच. खंत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. त्यानंतरच्या इतक्या आशियाई स्पर्धांत सुराचे सुवर्णपदक भारतास पुन्हा मिळालेले नाही.

याच दिल्लीत 2010 सालच्या ऑक्टोबरात राष्ट्रकुल स्पर्धा भरल्या. तालकटोऱ्याचे डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जलतरण संकुल नव्याने सज्ज झाले होते. यजमान म्हणून आपला संघ उतरला आणि एकही पदक न मिळविता परतला. त्याच तलावात मलेशियाच्या एका सतरा वर्षांच्या मुलीने दहा मीटरच्या मंचावरून सुवर्णपदक जिंकले. तिचे नाव पांडेलेला रिनोंग. ती साराव्हाक प्रांतातील बिदायुह या आदिवासी जमातीची. दोन वर्षांनी लंडनच्या ऑलिंपिकमध्ये तिने कांस्यपदक मिळविले. बॅडमिंटनखेरीज दुसऱ्या कोणत्याही खेळात मलेशियास मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक, आणि त्या देशाच्या स्त्रीने मिळविलेलेही पहिलेच. 2016 साली रिओत चाँग जुन हूंग या मैत्रिणीसह तिने रौप्य मिळविले, आणि पुढल्याच वर्षी बुडापेस्टला ही चाँग मंचावरून जगज्जेती ठरली.

मलेशियाचे हे उदाहरण आम्ही मुद्दाम विस्ताराने दिले. चीनचे नाव काढले की आपल्याकडे लोक हात जोडतात आणि विषय संपतो. हांगझौ येथे 2023 साली भरलेल्या आशियाई स्पर्धांत सुराची दहाच्या दहा सुवर्णपदके चीनने घेतली. पॅरिसच्या 2024 च्या ऑलिंपिकमध्ये आठही घेतली. तेथे मुले सहाव्या-सातव्या वर्षी निवडली जातात. फू मिंगश्या तेराव्या वर्षी बार्सेलोनास सुवर्णपदक घेऊन गेली. चौदा वर्षांच्या च्युआन होंगचान हिने टोकियोत पाचांपैकी दोन सुरांस सातही पंचांकडून दहापैकी दहा गुण घेतले. हे सर्व थक्क करणारे आहे. परंतु ते एका अफाट यंत्राचे काम, तुमचे आमचे नव्हे, असे म्हणून मोकळे होता येते. मलेशियापुढे ही सबब चालत नाही. तो देश आपल्या महाराष्ट्राहून लोकसंख्येने कितीतरी लहान, हवेने आपल्यासारखाच उष्ण, आणि त्यास या खेळाची पिढीजात परंपरा अशी काही नव्हती. त्यांनी चिनी शिक्षक आणविले, मुले लहानपणी हाताशी धरली, आणि मध्येच सोडून दिली नाहीत. यातील तिसरी गोष्ट सर्वांत अवघड.

हांगझौला भारतातर्फे दोघेच गेले होते, आपल्या नाशिकचा सिद्धार्थ परदेशी आणि मणिपूरकडील लंडन सिंग हेमम. चिन्यांच्या अंगणात, चिनी प्रेक्षकांपुढे, त्या मंचावर चढावयास काय छाती लागली असेल याची कल्पना करावी. पदक अर्थातच मिळाले नाही. वर्तमानपत्रांनी ही गोष्ट एका ओळीत उरकली आणि पुष्कळांनी ती ओळही छापली नाही.

आमच्या सोलापूरच्या मुलींची गोष्ट यांत सांगितली पाहिजे. ऋतिका श्रीराम आणि ईशा वाघमोडे या दोघींनी राष्ट्रीय पातळीवर सुरांत पदके मिळवून या गावाचे नाव महाराष्ट्राबाहेर नेले आहे. मार्कंडेय जलतरण तलावावर सकाळी जाऊन उभे राहिले म्हणजे या गावातील विणकरांची, नोकरदारांची, व्यापाऱ्यांची मुले एकाच रांगेत कुडकुडत आपली पाळी येण्याची वाट पाहताना दिसतात, आणि तेलुगू, कन्नड, मराठी तिन्ही भाषांतून एकमेकांस चिडविताना ऐकू येतात. उणीव धैर्याची नाही, हौसेची नाही. अंगाच्या कमावलेपणाची तर मुळीच नाही. हवेत अंग आवळणे, पिळणे आणि नेमक्या क्षणी सोडणे ही ज्या खेळाची विद्या, त्या खेळास मल्लखांबाइतकी उत्तम पूर्वतयारी दुसरी कोणती? बाळंभट्टदादा देवधरांच्या वेळेपासून ती आपल्या घरची आहे. 1936 साली बर्लिनला ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकार दाखविले होते. चीनमध्ये सुराचा पुष्कळसा अभ्यास कोरड्या जमिनीवर होतो. जाळीच्या उसळत्या गादीवर, कमरेस पट्टा व दोर बांधून, स्पंजाच्या खड्ड्यात. आपल्याकडे खांबावरचा मुलगा पाण्याकडे जात नाही, पाण्यातला मुलगा खांबाकडे जात नाही, आणि दोघांचे शिक्षक एकमेकांस ओळखत नाहीत.

शिवाय तलावांचा प्रश्न आहेच. बाराही महिने चालणारे, छपराखालचे, पुरेसे खोल तलाव देशात मोजके. आमच्यासारख्या दुष्काळी मुलखात पाण्याची टंचाई झाली की पहिली गदा पोहण्याच्या तलावावर यावयाची, आणि ती यावी हेही योग्यच; पिण्यास पाणी नसताना सूर कोठले मारता? राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वे व सेनादल यांचा वरचष्मा दिसतो त्याचेही कारण साधे आहे. तेथे खेळाडूस नोकरी आहे, म्हणून त्याच्या घरचे लोक त्यास विसाव्या वर्षानंतरही फळीवर राहू देतात.

घरचे लोक! येथे आम्हांस आमची गोष्ट सांगितली पाहिजे.

1996 साली आमच्या या पुतण्यास पंधरावे वर्ष लागले होते. गावातील एका तलावावर तो चार वर्षे सूर शिकत होता आणि तीन मीटरच्या फळीवरून त्याचे सूर पाहावयास आजूबाजूची माणसे थांबत असत. राज्य पातळीवरील स्पर्धेसाठी त्याचे नाव निघाले. पहाटे पाचास एकदा आणि सायंकाळी एकदा असा सराव हवा होता. त्या वर्षी त्याची दहावी. त्याचे शिक्षक आमच्या घरी आले. दिलेल्या चहास हात न लावता अर्धा तास त्यांनी आमची समजूत घातली. मुलाचे वडील, आमचे धाकटे बंधू, कुटुंबाच्या रीतीप्रमाणे आमच्या तोंडाकडे पाहत बसले होते. आम्ही म्हणालो, "दहावी होऊ द्या. मग पाहू. पाणी कोठे पळून जाते?" हे वाक्य आम्हांस त्या वेळी मोठे समर्पक वाटले होते.

दहावी झाली. गुण चांगले पडले. जूनमध्ये तो पुन्हा फळीवर गेला आणि चार दिवसांनी परत येऊन त्याने पोहण्याची चड्डी धुऊन, वाळवून, घडी करून कपाटात ठेविली. कारण विचारता म्हणाला, "काका, अंग आता ऐकत नाही." आम्ही तो आळस समजलो. खरे कारण आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले. या वयात मुलगा वर्षात चार-पाच बोटे उंच होतो. उंची वाढली की हवेत फिरण्याचा वेग बदलतो, फळी सोडण्याचा क्षण बदलतो, सर्वच हिशेब नव्याने बसवावा लागतो. जो रोज सराव करीत असतो त्याचे शरीर हा फरक थोडा थोडा करून पचविते. जो मध्ये आठ-दहा महिने थांबला, तो परत येतो तेव्हा त्याचे मन जुन्या शरीराचे असते आणि शरीर नवे. पाणी पळून गेले नव्हते हे खरे. पळाले ते दुसरेच काही.

त्याचे काही वाईट झाले असे मुळीच नाही. तो शिकला, येथेच बऱ्यापैकी नोकरीस लागला, संसार नीट चालला आहे. त्याने आम्हांस कधी बोल लाविला नाही. लाविला असता तर कदाचित बरे झाले असते. आम्ही वाद घातला असता आणि विसरून गेलो असतो. तो राष्ट्रीय संघात गेला असता असेही आमचे म्हणणे नाही. शंभरातील नव्व्याण्णव जात नाहीत. परंतु 2010 साली दूरदर्शनवर दिल्लीची स्पर्धा चालू असता आम्ही दोघे एकाच खोलीत बसलो होतो. आपला खेळाडू पाण्यात जरा तिरपा शिरला, पाणी उडाले, पंचांचे गुण खाली आले, आणि आम्ही सवयीने म्हणालो, "आपल्या लोकांत काही दमच नाही." पुतण्या उठून गेला. तेव्हा आमच्या मनात प्रथम आले की, दिल्लीत हरला तो उतरलेला संघ. त्याच्या मागे न उतरलेला एक फार मोठा संघ होता, आणि तो आमच्यासारख्यांनी घरोघर अभ्यासास बसविलेला होता. सरकारने तलाव बांधले नाहीत, शिक्षक आणले नाहीत, हे आम्ही मोठ्याने म्हणत असतो. जे तलाव होते आणि जे शिक्षक चहा न घेता उठून गेले, त्यांचे काय?

म्हणून गेल्या वैशाखातील त्या दुपारी आम्ही गप्प बसलो. प्रथम बोलल्या त्या भावजयबाई. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. "पोहू दे, पण फळीवर नको. डोके आपटले तर?" ही भीती पोकळ नव्हे. सोलच्या 1988 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा ग्रेग लुगानिस, त्या काळचा जगातील पहिला, प्राथमिक फेरीत फळीवर डोके आपटून पाण्यात पडला होता. टाके घालून परत आला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. ही गोष्ट आम्ही त्यांना धीर देण्यासाठी सांगितली. तिचा परिणाम विपरीत झाला, हे वाचकांनी ताडलेच असेल. "म्हणजे पहिल्याचेसुद्धा आपटते!" असे म्हणून त्यांनी सूप पुन्हा हाती घेतले.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या शिक्षकांस आम्ही घरी न बोलाविता स्वतःच तलावावर जाऊन भेटलो. भावजयबाईंसही बरोबर नेले. शिक्षकांनी त्यांस बाकावर बसवून सर्व दाखविले. पहिले कित्येक आठवडे कडेवर बसून, मग गुडघ्यावर, मग उभे राहून, नुसते तळवे जुळवून पाण्यात घसरावयाचे. एक मीटरची फळी त्यानंतर. तीन मीटरचे नाव दुसऱ्या वर्षाआधी काढावयाचे नाही. फळीकडे वळणारे सूर त्याहूनही पुढे. कानात पाणी, मनगटास ताण, हे व्हावयाचेच, आणि त्याची काळजी कशी घ्यावयाची तेही सांगितले. भावजयबाईंनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही आमच्या सुचण्यापलीकडचे. एक, मुलगी भ्याली आणि वरून परत खाली उतरते म्हणाली, तर तिला हसणार तर नाही? आणि दुसरा, पाळी सुरू झाल्यावर मुलींचे काय करता? शिक्षक तरुण होते. पहिल्या प्रश्नास त्यांनी "आजी, शिडी उतरण्यासाठीसुद्धा असते," असे उत्तर दिले, दुसऱ्यास त्यांनी आपल्या मदतनीस बाईंस पुढे केले. दोघी बराच वेळ बाजूस बोलत होत्या. परतताना रिक्षात भावजयबाई एवढेच म्हणाल्या, "तेलाच्या वेण्या बंद कराव्या लागतील. केस बारीक कापू या."

दहावीचे काय, हा प्रश्न उरतोच. ते वर्ष यावयास सहा-सात वर्षे आहेत. त्या वेळी घरात वाद होईल यात आम्हांस शंका नाही. आमच्या धाकट्या बंधूंनी त्याची तयारी आतापासूनच चालविली आहे. आम्ही आमचे मत लेखी देऊन ठेविले आहे, कारण तोवर आम्ही असू की नसू. हा लेखही त्याच कागदांत ठेवावा असा विचार आहे.

मागील रविवारी आम्ही सर्वच तलावावर गेलो होतो. मुलगी एक मीटरच्या फळीच्या टोकावर बराच वेळ उभी राहिली. दोनदा मागे सरली. कोणी हसले नाही. तिसऱ्यांदा गेली ती सरळ पोटावरच पडली, असा आवाज झाला की पलीकडची मंडळी वळून पाहू लागली, आणि पाणी तर विहिरीतील मुटक्यास शोभेल इतके उडाले. लालबुंद पोट चोळीत ती वर आली आणि तिने तेथूनच ओरडून विचारले, "मोठे आजोबा, दहापैकी किती?"

आम्ही म्हणालो, "दोन."

"दीड," तिचा बाप म्हणाला. मग तो पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून कडेशी जाऊन उकिडवा बसला, आणि एका हाताने दुसऱ्या हाताची बोटे धरून, तळवे पसरट करून, ते कसे ठेवावयाचे हे तीस दाखवू लागला.